डबे वर!

"डबे वर!"

मी असं म्हटलं, की सातवी 'ब'चे बेचाळीस हात वर जायचे आणि प्रत्येक हातात उघडा, रिकामा डबा. मी बाकांच्या मधून फिरायची, एकेका डब्यात वाकून बघायची. कडेला मेथीची काडी चिकटलेली दिसली, की विचारायची, "ही कोणासाठी ठेवलीस? पाहुणे यायचेत?" पोरगं मुकाट्यानं काडी बोटानं पुसून तोंडात घालायचं. मग पुढचा डबा.

नियम माझा नव्हता बरं का. नियम मोठ्या बाईंचा. आमच्या निंबोडीच्या शाळेत मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाईच म्हणायचे. त्या उन्हाळ्यात कसल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि जूनमध्ये व्हरांड्यात फळा लागला. डब्यात पोळी किंवा भाकरी आणि भाजीच हवी, उपास असला तरच साबुदाणा. फरसाण, बिस्किटं, ब्रेड काही चालणार नाही. कुणी कुणाला आपल्यातलं द्यायचं नाही, कुणाकडचं घ्यायचं नाही. डबा वर्गातच खायचा आणि पूर्ण संपवायचा. नाही संपला तर संपेपर्यंत जागचं उठायचं नाही, मग खेळाचा तास बुडाला तरी बुडो. आणि हे बघायला वर्गशिक्षकानं सुट्टीभर वर्गात उभं राहायचं. म्हणजे आमचीही सुट्टी गेली. स्टाफरूमच्या कपाटात माझा चिवड्याचा डबा असायचा, तोसुद्धा मोठ्या बाईंनी घरी न्यायला लावला. "मुलांना एक न् आपल्याला एक, असं कसं चालेल, लोखंडे बाई?" मनात म्हटलं, तुमचं बरंय, तुम्हाला पित्त आहे, तुम्ही जन्मभर दुधीच खात आलात.

पहिला महिना नुसता तमाशा झाला. कारलं कंपासपेटीत निघायचं. एका महाभागानं दोडक्याची भाजी मोज्यात घातली होती. शाळेच्या मागच्या भिंतीशी गावातली कुत्री सुट्टीच्या वेळेला बरोब्बर हजर व्हायची. ओरडून ओरडून माझा घसा बसला.

शेवटी एकदा मी सगळ्यांना गप्प बसवलं आणि माझ्या आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा वार लावून शिकले. म्हणजे सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार, सात घरं. त्यातल्या एका घरची बाई कधी 'ये, जेव' म्हणायची नाही. म्हणायची, 'बाळ, आज स्वयंपाक जास्तीचा झाला बघ. तू खाल्लास तर सासूबाई मला बोलणार नाहीत.' आजोबा हे सांगताना दर वेळी डोळे पुसायचे. "आणि तुम्ही!" मी टेबलावर पट्टी आपटली. "तुम्ही दोडका मोज्यात घालता! लाजा वाटत नाहीत?"

पोरं माना खाली घालून बसली. पहिल्या बाकावरच्या सारिका पठारेनं तेवढं हळूच विचारलं, "बाई, त्या बाईंना सासू खरंच बोलायची का?"

"मला काय माहीत? पुढे बघ."

त्यानंतर पंधरा दिवसांत वर्ग सुतासारखा सरळ झाला. डबे लख्ख. मोज्यात काही नाही, कंपासपेटीत काही नाही, कुत्री हिरमुसून निघून गेली. दुसरी कुठली बाई असती तर खूश झाली असती. पण संशय हा माझा पिंडच. दूधवाल्याचं माप बोट घालून बघणारी मी. बेचाळीस पोरं एकाएकी शहाणी होत नाहीत, कुठेतरी पाणी मुरतंय, हे मी ओळखलं.

घरी ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "अगं, डबे रिकामे व्हावेत म्हणून जीव टाकत होतीस. झाले तर आता झोप येत नाही होय तुला?"

"तुम्ही वायरमन लोक. तुम्हाला दिवा लागला की बास. मला तो का लागला ते बघावं लागतं."

मग मी बघायला लागले. खाऊन झालं, की पोरं नळावर डबा धुवायला जायची, तेवढी मुभा होती. पण रोज दोघं अशी निघायची, की त्यांच्या डब्याला झाकण घट्ट. त्यात सारिका असली, की ती डबा दोन्ही हातांनी धरून न्यायची. रिकामा डबा कुणी दोन्ही हातांनी नेतं का? आणि नळ तर चित्रकलेच्या खोलीला लागूनच होता.

त्या खोलीत विसपुते सर बसायचे.

आता सरांबद्दल सांगायला हवं. मी आणि सर, दोघंही विनाअनुदानित तुकडीवर. म्हणजे शिकवायचं सगळ्यांसारखं, पण सरकारचं अनुदान सुरू होईपर्यंत पगार नाही. मला सात वर्षं झाली होती, सरांना सात वर्षं आणि चार महिने. माझं घर ह्यांच्या नोकरीवर चालत होतं. सरांची बायको आणि मुलगी तिच्या माहेरी. सर गावात एका खोलीत राहायचे, संध्याकाळी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सुट्टीत कधी आमच्यात जेवायला बसायचे नाहीत. "मला सकाळी जेवून निघायची सवय आहे," म्हणायचे. आम्हीही बरं म्हणायचो.

त्या वर्षी आमच्या शाळेला एक पगारी जागा मंजूर झाली. एकच. दिवाळीआधी एक नाव पाठवायचं होतं, आणि चार महिन्यांच्या ज्येष्ठतेनं ते सरांचं जाणार होतं. ह्या गोष्टीचा आणि डब्यांचा काही संबंध नाही, असं मी स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगायची.

एका बुधवारी मी नळाच्या बाजूनं गेले आणि खिडकीतून आत डोकावले. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, म्हणतात ना, तसं. टेबलावर दोन उघडे डबे. सर रुमालानं तोंड पुसत होते. समोर माझ्या वर्गातली दोन मुलं उभी, आणि त्यातला एक म्हणत होता, "उद्या आणतो सर." पुढचं काही ऐकू आलं नाही.

सरांचे गाल भरलेले मला तेव्हाच पहिल्यांदा दिसले. जूनमध्ये हा माणूस शर्टाच्या आत हरवलेला असायचा.

वर्गात येऊन मी त्या मुलाला उभं केलं. "उद्या काय आणणारेस रे?"

"चित्रवही बाई. घरी राहिलीय."

"सरांना काय द्यायचं असतं रोज?"

"काही नाही बाई." त्यानं सारिकाकडे बघितलं. सारिकानं खिडकीबाहेर बघितलं. बेचाळीस जण, पण ताकास तूर लागू देईनात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी सगळे खेळाच्या तासाला मैदानावर गेल्यावर मी सारिकाचं दप्तर उघडलं. हो, उघडलं. आज सांगायला लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

गणिताच्या वहीखाली एक शंभर पानी वही. मी ती मध्येच उघडली. सोमवार, मंगळवार, बुधवार, असे वार आणि प्रत्येक वारापुढे दोन-दोन नावं. पुढे शेरे: 'वांगं अजिबात नको.' 'गुरुवारी उपास, साबुदाणा आणणे.' 'तिखट कमी.' 'मंगळवारी पोळ्या कमी पडल्या, चार म्हणजे चार.'

चार म्हणजे चार! मास्तर माणूस, कोवळ्या पोरांकडून हप्ता घेतो! आणि वर मिजास बघा, वांगं नको म्हणे! चित्रकलेची श्रेणी ह्याच्याच हातात, पोरं बिचारी घाबरून आणणारच. मला सगळं स्वच्छ दिसायला लागलं. आणि ती वही पदराखाली धरून मोठ्या बाईंच्या खोलीकडे जाताना मला आनंद झाला होता. हे मी ह्यांनासुद्धा कधी सांगितलेलं नाही.

मोठ्या बाईंनी वही चाळली. चष्मा काढला, परत घातला. "पण विसपुते तसे नाहीत हो, लोखंडे बाई."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? बोलवा ना त्यांना."

"आधी आपण मुलांना विचारू या का? शांतपणे?"

"मुलं बोलत नाहीत. त्यांना दम दिलेला आहे."

बाईंनी शिपायाला पाठवलं. सर आले, बोटांना निळा रंग लागलेला. दारातच उभे राहिले.

"विसपुते," मोठ्या बाई अवघडून म्हणाल्या, "सुट्टीत मुलं तुमच्याकडे डबे घेऊन येतात?"

सर ओशाळून हसले. "येतात बाई. चुकलं माझं. देवाणघेवाण नको असा नियम आहे, माहितेय मला. पण त्यांना संपत नाही हो. आया चार-चार पोळ्या कोंबतात. मग रडकुंडीला येतात पोरं, की लोखंडे बाई ओरडतील, खेळाला सोडणार नाहीत. मग मी आपला थोडा हातभार लावतो. सकाळी जेवून आलेला असतो, तरी लावतो."

"हातभार!" मी म्हटलं. "आणि वांगं नको, तिखट कमी, हा काय प्रकार आहे?"

"वांगं?" सरांना काही कळेना. "वांग्यानं मला अंगभर खाज सुटते. पण हे मी कुणाला... नाही, एकदा सारिकानं विचारलं होतं खरं. आपलं सहज."

मी वही त्यांच्यापुढे केली. "ही घ्या. सहज."

मोठ्या बाई म्हणाल्या, "राहू द्या ना ते," पण तोवर सरांनी वही घेतली होती. त्यांनी माझ्यासारखी ती मध्ये नाही उघडली. माणूस वही जशी उघडतो तशी पहिल्या पानापासून उघडली. वाचलं. बराच वेळ वाचत राहिले, पान तर एकच होतं. हसू होतं ते चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, पण नुसतं राहिलेलं.

मग त्यांनी ते पान माझ्याकडे फिरवलं. सारिकाचं गोल, टपोरं अक्षर. माझ्याच हाताखाली वळण लागलेलं.

'विसपुते सरांचे वार. १. सरांना कळता कामा नये. २. ज्याचा वार असेल त्याने चार पोळ्या आणायच्या, दोन आपल्या, दोन सरांच्या. ३. सरांना जेवा म्हणायचं नाही. संपत नाही, बाई ओरडतील, असं म्हणायचं. ४. बाकीच्यांनी आपापला डबा संपवायचा, नाहीतर बाईंना संशय येईल.'

बाहेर मैदानावर पोरांचा गलका चालला होता.

"मला वाटायचं," सर म्हणाले, "मी पोरांना तुमच्यापासून वाचवतोय."

"विसपुते, बसा तुम्ही," मोठ्या बाई उठल्या. "पाणी घ्या. काहीही झालेलं नाही. ही वही मी बघितलेली नाही."

"नाही बाई, बरं झालं," सर म्हणाले. "कळलं ते बरं झालं." वही त्यांनी टेबलावर ठेवली, तिच्या पुठ्ठ्याला लागलेला निळा डाग बाहीनं पुसला आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी शिपायाला खोलीवर पाठवलं, तर कुलूप. मालक म्हणाला, सर सामान घेऊन गेले. आठ दिवसांनी राजीनामा टपालानं आला. दोन ओळींचा, कुणाची तक्रार नाही, कुणाचं नाव नाही.

मोठ्या बाई मला वाईट बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून मला 'लोखंडे बाई'च्या ऐवजी 'अहो' म्हणायला लागल्या. दिवाळीआधी नाव गेलं, ते माझं गेलं. दुसरं कुणाचं जाणार? हे पेढे घेऊन आले. मी म्हटलं, पित्त झालंय.

पण मला सांगायचंय ते दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एका शुक्रवारचं.

सर गेल्यापासून वर्गात रोज दोन डबे संपायचे नाहीत. दोन-दोन पोळ्या शिल्लक. सोमवारी दोघं, मंगळवारी दुसरे दोघं. मी म्हणायची, "संपवा." ती बसून राहायची. रडायची नाहीत, उलट बोलायची नाहीत. खेळाचा तास जायचा, शाळा सुटायची, मग डबा बंद करून घरी जायची. मोठ्या बाई व्हरांड्यातून बघायच्या आणि पुढे जायच्या. मला वाटलं, पोरं सूड उगवतायत. दुसरं काय वाटणार? माझंच मन.

शुक्रवारी सारिकाचा वार होता. मी "डबे वर!" म्हटलं. चाळीस डबे रिकामे. सारिकाच्या जोडीची मुलगी तापानं घरी होती. सारिकानं डबा वर केलाच नाही. तो तिच्यापुढे बाकावर उघडा होता.

"सारिका, घरी सांगता येत नाही का दोनच पोळ्या द्यायला?"

"येतं बाई."

"मग का नाही सांगितलंस?"

"कुणीच नाही सांगितलं अजून." तिनं डब्याकडे बघितलं. "सर आले तर?"

मी डब्यात वाकून बघितलं. दोन पोळ्या, भेंडीची भाजी. थंडीचे दिवस होते, मळ्यामळ्यातून वांगी निघालेली, गावात घरोघरी वांगंच शिजत होतं. डब्यात वांगं नव्हतं.

मी तिच्या शेजारी बाकावर बसले. इतकी वर्षं शिकवलं, पण मुलांच्या बाकावर मी तेव्हा पहिल्यांदा बसले असेन.

"तुम्हाला कसं कळलं गं? सर उपाशी असतात ते?"

"मी रंगाचं पाणी आणायला गेले होते. सर नळाला तोंड लावून पाणी पीत होते. खूप वेळ पीत होते बाई. मग पोटावर हात ठेवून बसले." तिनं डब्याचं झाकण हातात फिरवलं. "सर नाही येणार ना आता?"

"नाही."

"त्यांची जागा तुम्हाला मिळाली ना?"

गावात काय लपून राहतं? "हो," म्हटलं.

तिनं डबा दोन्ही हातांनी उचलला आणि माझ्यापुढे ठेवला.

"मग हा वार तुमचा, बाई."

टोमणा होता का तो? आज मी त्याच जागेची पेन्शन खाते, गुडघे धरलेत, सारिकाची मुलगी सातवीत गेली म्हणे, आणि मला अजून ठरवता आलेलं नाही. बारा वर्षांची पोर. चेहऱ्यावर काही नव्हतं. संशयात माझा हात कुणी धरला नसता, पण त्या चेहऱ्यावर मला काही म्हणजे काही सापडलं नाही.

"कुणाकडचं घ्यायचं नाही," मी म्हटलं. "नियम आहे ना?"

"संपवायचा, हाही नियमच आहे बाई."

अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी पोळीचा तुकडा मोडला. पोळी गार झालेली होती, तरी मऊ होती; तिच्या आईनं तूप लावलं होतं. पहिला घास नुसताच चावत राहिले. पाणी मागायचा धीर झाला नाही. मी रडत होते, आणि ते लपवायला पदरही लावला नाही, कारण दोन्ही हात खरकटे होते. दोन पोळ्या मी किती वेळ खात होते कोण जाणे. घंटा झाली. कुणी उठलं नाही.

"डबा वर, बाई," सारिका हळूच म्हणाली.

कुणी हसलं नाही. मी डबा वर धरला. सारिका उठून उभी राहिली, वाकून आत बघितलं. कडेला भेंडीची एक फोड चिकटून राहिली होती. तिनं ती बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं.

मी ती बोटानं पुसली आणि खाल्ली.